फौज कुणाची, माणूस कुणाचा

डब्लिन शहराच्या मधोमध सेंट स्टीफन्स ग्रीन नावाची बाग आहे. बागेत एका माणसाचा अर्धपुतळा आहे आणि त्याखाली जन्मतारीख, मृत्यूची तारीख आणि त्याच्याच एका कवितेच्या शेवटच्या तीन ओळी कोरल्या आहेत. माणसाचं नाव टॉम केटल. पुतळा १९२७ साली घडवून तयार होता, तो चौथऱ्यावर चढला १९३७ साली. मधली दहा वर्षं खालच्या मजकुरावरून घोळ चालला होता. शेवटी बसवला तोही गुपचूप. ना फीत, ना भाषण.

पुतळ्याच्या खालच्या दोन-चार ओळींना दहा वर्षं लागावीत, एवढं त्या माणसानं केलं तरी काय होतं? तो १९१६ साली मेला, हे बरोबर केलं. आयर्लंडच्या इतिहासात मरायला त्याहून चांगलं वर्ष नाही, कारण त्या वर्षी इंग्रजांविरुद्धच्या बंडात मेलेले पुढे राष्ट्राचे हुतात्मे झाले. पण तो मेला फ्रान्समध्ये, ब्रिटिश लष्कराच्या गणवेशात. तिथं चुकलं.

परक्यांच्या फौजेत मेलेल्या आपल्या माणसाचं नंतर करायचं काय, हा प्रश्न आयर्लंडनं जवळजवळ शंभर वर्षं चघळला. आधी साठ-सत्तर वर्षं त्या मेलेल्यांचं नाव टाकलं. मग अलीकडे एकदम गहिवर आला आणि सगळेच हुतात्मे झाले. मला दोन्ही पटत नाही, आणि खरं तर दुसरं जास्त खटकतं. का, ते सांगायला केटलच्या सासरी जावं लागेल.

केटलचे वडील अँड्र्यू हे जमीनदारांविरुद्ध कुळांची चळवळ उभी करणाऱ्या लँड लीगच्या संस्थापकांतले. म्हणजे घरात इंग्रज भक्ती असण्याचा प्रश्नच नव्हता. टॉम बॅरिस्टर झाला, १९०६मध्ये ईस्ट टायरोनमधून वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटात निवडून गेला, पुढे डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. बोलणं धारदार, लिहिणं त्याहून, आणि दारू दोन्हींपेक्षा जास्त. १९०९मध्ये त्यानं मेरी शीहीशी लग्न केलं. शीहींचं घर हे डब्लिनच्या शिकल्यासवरल्या राष्ट्रवादी मंडळींचा अड्डाच होता. मेरीचे वडील डेव्हिड शीही खासदार. थोरली बहीण हॅना स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगात जाऊन आलेली. हॅनाचा नवरा फ्रान्सिस स्केफिंग्टन शांततावादी, शाकाहारी आणि पक्का स्त्रीवादी. लग्न करताना दोघांनी एकमेकांची आडनावं जोडून घेतली होती, तेही १९०३मध्ये. आपल्याकडे आजही लग्नपत्रिकेवर एवढं छापलं तर दोन्हीकडचे मामा रुसतील.

टॉम आणि फ्रान्सिस हे साडू. साडूंचं पटावं असा नियम नाही, पण यांच्यातलं अंतर रस्त्यावर आलं होतं. १९१४च्या उन्हाळ्यात केटल आयरिश स्वयंसेवक दलासाठी बंदुका विकत घ्यायला बेल्जियमला गेला होता. म्हणजे इंग्रजांशी वेळ पडली तर लागतील म्हणून बंदुका. तो तिथं असतानाच जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या. लूवेनचं ग्रंथालय जळालं, माणसं भिंतीशी उभी करून मारली गेली. एका लंडनी दैनिकासाठी त्यानं हे सगळं लिहून पाठवलं आणि परत आला तो वेगळाच होऊन. छोट्या राष्ट्रासाठी आयुष्यभर भांडलो, आता एक छोटं राष्ट्र डोळ्यांदेखत चिरडलं जातंय आणि आपण घरी बसायचं? त्यानं लष्करात नाव घातलं आणि आयर्लंडभर भरतीची भाषणं देत फिरला. त्याच काळात त्याचा साडू भरतीविरुद्ध भाषणं देत होता. त्यासाठी १९१५मध्ये त्याला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. उपोषण करून तो सुटला.

केटलमागे राजकीय हिशेबही होता, तो लपवायचं कारण नाही. आयरिश पक्षाचे नेते जॉन रेडमंड यांनी २० सप्टेंबर १९१४ला आयरिश तरुणांना आवाहन केलं, की आघाडी जिथं जिथं जाईल तिथं जा. दोनच दिवसांपूर्वी आयर्लंडच्या स्वराज्याचा कायदा मंजूर झाला होता आणि लगेच युद्ध संपेपर्यंत स्थगितही झाला होता. आज रक्त द्या, उद्या स्वराज्य घ्या, असा हा उधारीचा सौदा. आपल्या टिळकांनी १९१६मध्ये बेळगावला जी होमरूल लीग काढली तिचं नावच आयर्लंडहून आलेलं. आणि सैन्यात भरतीला मदत करू, पण हिंदी माणसाला अधिकारपदं द्या, ही त्यांची अटही त्याच जातीची. रेडमंडना आयर्लंडनं या सौद्याबद्दल कधी माफ केलं नाही. आपण टिळकांना त्याचा जाबही विचारला नाही.

मग आला १९१६चा ईस्टर. २४ एप्रिलला डब्लिनमध्ये उठाव झाला. सेंट स्टीफन्स ग्रीनच्या ज्या बागेत आज केटलचा पुतळा आहे तिथंच बंडखोरांनी खंदक खणले. स्केफिंग्टन बंडात नव्हता. तो दुकानांची लूट थांबवायला नागरिकांची तुकडी जमवत रस्त्यावर फिरत होता. २५ तारखेच्या संध्याकाळी त्याला लष्करानं पकडून पोर्टोबेलो बराकीत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन बोवेन-कोल्थर्स्ट नावाच्या अधिकाऱ्यानं त्याला आणि आणखी दोन पत्रकारांना बराकीच्या आवारात उभं करून गोळ्या घालायला लावल्या. खटला नाही, चौकशी नाही.

घरी काहीच कळलं नाही. दोन दिवसांनी मेरी आणि तिची दुसरी बहीण मार्गारेट बराकीवर चौकशीला गेल्या. आपला मेहुणा कुठे आहे, एवढंच विचारायला. बराकीत त्यांनाच सिन फेनवाल्या, म्हणजे बंडखोरांच्या बाजूच्या, ठरवून अडकवून ठेवलं. त्यांची उलटतपासणी घेतली ती कोल्थर्स्टनंच. स्केफिंग्टनबद्दल आपल्याला काही माहीत नाही, असं त्यानं त्या दोघींच्या तोंडावर सांगितलं. मेरी त्या दिवशी ब्रिटिश लष्करातल्या लेफ्टनंटची बायको होती. ज्या गणवेशात तिचा नवरा होता, त्याच गणवेशातला माणूस तिच्या बहिणीच्या नवऱ्याला मारून तिच्यासमोर बसला होता.

मला या साऱ्या प्रकरणात हाच प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो. राष्ट्र, साम्राज्य, निष्ठा हे शब्द त्या खोलीत नेऊन ठेवले तर कुठे मावतील? मेरीनं तिथून बाहेर पडल्यावर नवऱ्याला टाकायला हवं होतं का? नवऱ्यानं गणवेश उतरवायला हवा होता का?

केटल आतून मोडला. साडू गेला, पाठोपाठ बंडाचे नेते गोळीबार पथकासमोर उभे केले गेले. त्यांतला थॉमस मॅकडोना हा त्याच कॉलेजातला त्याचा सहकारी. ही माणसं इतिहासात वीर आणि हुतात्मे म्हणून जातील आणि आपण गेलोच तर ब्रिटिश अधिकारी म्हणून जाऊ, असं तो कडवटपणे म्हणाला होता. (मूळ वाक्यात 'ब्रिटिश'च्या आधी एक शिवीही आहे.) पण जुलैमध्ये तो फ्रान्सला गेलाच. प्रकृती ढासळलेली होती, मागच्या फळीत जागा मिळत होती. आपल्या पोरांना सोडून मागे जाणार नाही म्हणाला.

इथं एक गोष्ट मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला हवी. डब्लिनमधल्या बंडखोरांनी २९ एप्रिल १९१६ला शरणागती पत्करली. त्याच दिवशी हजारो मैल दूर, मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा इथं जनरल टाउनशेंडनं तुर्कांसमोर शरणागती पत्करली. शरण गेलेली फौज होती सहावी पूना डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. त्या दिवसांत फ्रान्समध्ये हुलुकजवळ सोळावी आयरिश डिव्हिजन विषारी वायूच्या हल्ल्यात होरपळत होती, पाचशेहून अधिक माणसं मेली. पुढे केटल याच डिव्हिजनमध्ये दाखल झाला. समोरच्या जर्मनांनी आपल्या खंदकावर फलक लावले. एकावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, आयर्लंडमध्ये मोठी गडबड आहे, इंग्रजांच्या तोफा तुमच्या बायकापोरांवर चालताहेत. दुसऱ्यावर बातमी होती, कूत पडलं, तेरा हजारांची इंग्रज फौज कैद. 'इंग्रज' फौज! त्यातले कित्येक सातारा-रत्नागिरीचे. कैदेनंतरच्या वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यातले बरेच संपले. म्हणजे आमच्या माणसांच्या कैदेची बातमी लिमरिक-कॉर्कच्या माणसांना खिजवायला वापरली गेली, आणि दोघांनाही ती आपली बातमी आहे हे कळायचं काही साधन नव्हतं. आयरिश शिपायांनी रात्री रांगत जाऊन ते फलक काढून आणले.

९ सप्टेंबर १९१६ला सोम नदीच्या आघाडीवर जिंची गावावर हल्ला झाला. दहा दिवसांत त्या डिव्हिजनचे मेलेले आणि जखमी मिळून चार हजारांच्या वर माणसं गेली होती. केटलनं छातीवर पोलादी जाकीट घातलं होतं. पुढे वाकून चालताना गोळी त्या जाकिटाच्या वरच्या कडेवरून आत शिरली. मिनिटभरात संपला. वय ३६. हे त्याच्या बायकोला कळवलं ते त्याच्या मागोमाग चालणाऱ्या अठरा वर्षांच्या एमेट डाल्टननं. केटलच्या खिशातली कागदपत्रं एका सहकारी अधिकाऱ्यानं मेरीला द्यायची म्हणून काढून घेतली आणि काही मिनिटांत तोफगोळ्यानं त्याच्याच चिंधड्या उडाल्या. प्रेत कुठं पुरलं ते पुढे सापडलं नाही. मुलाच्या पाठोपाठ, दोनच आठवड्यांत, म्हातारे अँड्र्यू केटलही गेले.

डाल्टन हा पोरगा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जिंचीत त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. युद्धावरून घरी आल्यावर तो इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या आयआरएत गेला, आणि १९२२मध्ये आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकेल कॉलिन्स याला गोळी लागली तेव्हा शेजारी हाच होता. सहा वर्षांच्या आत, दोन फौजांत, दोन आयरिश मरणांचा साक्षीदार. त्याला देशद्रोही म्हणायचं की देशभक्त? आणि कुठल्या तारखेपासून?

नवं राष्ट्र झाल्यावर या प्रश्नांची उत्तरं सरकारला द्यावी लागली. पहिल्या महायुद्धात दोन लाखांच्या आसपास आयरिश माणसं ब्रिटिश गणवेशात होती, मेलेल्यांचा आकडा सुमारे ३५ हजार धरतात. त्यांचं स्मारक सरकारी कचेऱ्यांसमोरच्या मेरियन चौकात व्हावं, असा प्रस्ताव १९२७मध्ये संसदेत आला. विरोध केला गृहखातं सांभाळणाऱ्या केव्हिन ओ'हिगिन्सनं. त्याचा स्वतःचा भाऊ या युद्धात मेला होता. त्यांचा त्याग मी नाकारत नाही, पण हे राज्य त्या त्यागावर उभं नाही, आणि चौक पाहणाऱ्याला तसं वाटता कामा नये, असं त्याचं म्हणणं होतं.

मला ओ'हिगिन्स बरोबर वाटतो. राज्याला आपला पाया कोणता हे ठरवायचा अधिकार आहे, आणि भाऊ गेलेला माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला वजन येतं. चूक त्यानंतरची आहे. पाया नाही म्हणून घरातच जागा नाही, असं होत गेलं. स्मारक गावाबाहेर आयलंडब्रिजला गेलं. १९३०च्या दशकात ते बांधताना अर्धे मजूर ब्रिटिश लष्करातले जुने शिपाई आणि अर्धे आयरिश लष्करातले घेतले होते. ग्रॅनाइटचे दगड त्यांनी हातानं बसवले. ही कल्पना ज्याला सुचली त्याला हात जोडावेत. पण १९३९मधलं उद्घाटन पुढे ढकललं गेलं ते ढकललंच गेलं. पुढे बागेत झाडोरा वाढला, कचरा पडू लागला. डागडुजी होऊन ती रीतसर लोकांसाठी खुली व्हायला १९८८ उजाडलं.

या बागेचा वास्तुकार एडविन लटियन्स. केटलचं नाव ज्या कमानीवर ७२ हजारांहून अधिक बेपत्तांबरोबर कोरलं आहे ते फ्रान्समधलं थीपव्हालचं स्मारकही त्याचंच, आणि दिल्लीचं इंडिया गेटही. ब्रिटिशांसाठी मेलेल्यांची नावं त्या गेटवर आहेत, मग स्वतंत्र भारताची ज्योत तिथं का, हा वाद आपल्याकडे २०२२मध्ये अमर जवान ज्योत हलवताना झालाच. नव्या राष्ट्रीय स्मारकाशी ज्योत जाण्यात मला गैर दिसत नाही, तो ओ'हिगिन्सचाच न्याय. पण गेटवरची नावं 'त्यांची' आहेत असं ज्या सहजपणे बोललं गेलं, ते कानाला बोचलं. ती नावं कूतच्या वाळवंटातून कुणाच्या घरी परत आली नाहीत?

आणि 'कुणाची फौज' हा प्रश्न मुळात कोण विचारतो, हेही पाहायला हवं. केटल प्राध्यापक होता, त्याला पर्याय होते. पण डब्लिनच्या खुराड्यांतून भरती झालेल्या अनेकांनी मालकांनी कामगारांवर लादलेल्या १९१३च्या टाळेबंदीत उपास काढले होते. शिपायाच्या बायकोला आठवड्याला साडेबारा शिलिंग भत्ता मिळे आणि तो नवऱ्याच्या दारूला न जाता थेट तिच्या हातात येई. ईस्टरच्या बंडात पकडलेल्यांना शिव्या घालून नासका भाजीपाला मारणाऱ्या बायकांत याच होत्या. नंतरच्या देशभक्तांनी त्यांची खूप टिंगल केली. पण त्या बायकांनी काय करायला हवं होतं? आपल्याकडे भीमा कोरेगावच्या स्तंभावर ४९ नावं आहेत, त्यांतली २२ महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ला, म्हणजे डब्लिनच्या त्या संसदीय वादाच्याच वर्षी, बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभाशी गेले. परक्यांच्या बाजूनं लढलेल्यांचा कसला अभिमान, असं विचारणाऱ्यानं आधी हे सांगावं, की ज्या राज्याविरुद्ध ते लढले ते राज्य त्यांचं होतं कुठे? आयर्लंडची परिस्थिती वेगळी, जातीचा प्रश्न तिथं नाही. पण भरल्या पोटानं निष्ठेचा हिशेब मागण्याची सवय दोन्हीकडे सारखीच.

तर मग आता आयर्लंडनं सगळ्यांना कवटाळलं, यात वाईट काय? २००६मध्ये सोमच्या नव्वदाव्या वर्षी सरकारी इतमामानं कार्यक्रम झाला. २०११मध्ये ब्रिटनच्या राणीनं आयलंडब्रिजला फुलं वाहिली, आणि बंडखोरांच्या स्मारकालाही वाहिली. चांगलं झालं. पण या गहिवरात एक लबाडी शिरते. 'दोन्ही बाजूंचे आपलेच, दोघांचं बलिदान सारखंच' असं म्हटलं की भांडण संपतं, आणि भांडण संपलं की माणसंही पुसट होतात. स्केफिंग्टन आणि केटल एकाच गोष्टीसाठी मेले नाहीत. एक जण म्हणत होता या युद्धाला माणसं देऊ नका, दुसरा माणसं गोळा करत होता. दोघांपैकी एक तरी चूक असणार. मला विचाराल तर भरतीच्या बाबतीत स्केफिंग्टन बरोबर होता आणि केटल चुकला, आणि मरायच्या आदल्या दिवशी भावाला पत्र लिहिताना केटललाही ते बरंचसं उमगलं होतं. वाचलो तर उरलेलं आयुष्य कायमच्या शांततेसाठी घालवीन, असं त्यात आहे. त्याला चुकण्याचा हक्कही न ठेवता हारात गुंडाळून टाकणं म्हणजे पुन्हा एकदा न वाचताच बाजूला ठेवणं.

शीहींच्या घरात हे भांडण मिटवलं नाही. मेरीचा भाऊ यूजीनही ब्रिटिश फौजेतच होता. हॅनाला सरकारनं नवऱ्याच्या खुनाबद्दल दहा हजार पौंड देऊ केले. तिनं ते झिडकारले, जाहीर चौकशी मागितली आणि अमेरिकाभर इंग्रजांविरुद्ध भाषणं देत फिरली. कोल्थर्स्टला वेडा ठरवून दोनेक वर्षांतच सोडलं, तो कॅनडात जाऊन १९६५पर्यंत जगला. मेरी लष्करी अधिकाऱ्याची विधवा म्हणून राहिली. तिनं नवऱ्याचं राहिलेलं लिखाण छापून आणलं. पुढे नव्या राज्यानं बायकांना ज्यूरीतून वगळलं, लग्न झालं की सरकारी नोकरीतून काढलं, तेव्हा या दोघी बहिणी त्याविरुद्ध एकाच बाजूला उभ्या होत्या.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ईस्टर आणि सोम दोन्ही असणार. एकीनं दुसरीला 'तुझा तो चुकला' म्हणायचं आणि मग मीठ पुढे सरकवायचं, असं आपल्याही घरांत चालतंच की. सरकारी स्मारकांना ते जमत नाही. तिथं एकतर नाव असतं किंवा नसतं. आपल्या गावागावांत महायुद्धाचे जे जुने दगड आहेत त्यांच्यावर तर नावही नाही. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच आकडा. साताऱ्याच्या अपशिंग्यातून गेलेल्यांपैकी ४६ परतले नाहीत. त्या ४६ घरांत काय बोलणं झालं असेल, कोणाचा मेहुणा टिळकांच्या सभेला जात असेल, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

केटलनं मात्र लिहून ठेवलं. मरणाच्या पाच दिवस आधी, ४ सप्टेंबरला, खंदकाजवळ बसून त्यानं आपल्या तीन वर्षांच्या मुलीसाठी चौदा ओळींची कविता लिहिली. तू मोठी होशील तेव्हा विचारशील, बाप मला सोडून मरायला का गेला, अशी ती सुरुवात. लोक तुला कारणं देतील, कुणी म्हणतील थोर काम केलं, कुणी शहाणपणाचा सूर लावून नावं ठेवतील, असं तो पुढे तिला सांगतो. मग शेवटी येतं, की आम्ही मेलो ते झेंड्यासाठी नाही, राजासाठी नाही, सम्राटासाठी नाही, एका गोठ्यात जन्मलेल्या स्वप्नासाठी आणि गरिबांच्या गुप्त धर्मग्रंथासाठी.

बागेतल्या पुतळ्याखाली या शेवटच्या ओळी कोरल्या आहेत. कुणी थोर म्हणतील, कुणी नावं ठेवतील, त्या मधल्या ओळी कोरलेल्या नाहीत.